कॅलिफोर्नियात बायकोची थेरपी प्रॅक्टिस: एलएलसी काढू का, आणि बिलिंग मी केलं तर चालेल का?

फ्रीमाँटचा_नवरा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच सॉरी. बायकोला मागच्या आठवड्यात एलएमएफटी, म्हणजे मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टचं लायसन्स, मिळालं. तीन हजार तास भरले, लॉ अँड एथिक्सची परीक्षा, मग क्लिनिकलची, मधे एक बाळंतपण, आणि शेवटी बीबीएसच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाच्या, साइटवर तिच्या नावासमोर नंबर दिसला तेव्हा घरात पेढे वाटून झाले. आता तिला एजन्सीची नोकरी सोडून स्वतःचं काढायचंय.

मी आयटीवाला. कागदपत्रं, सॉफ्टवेअर, बिलिंग मी बघतो असं मोठ्या तोंडाने सांगून बसलोय. माझा प्लॅन असा की एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढायची, दोघांची निम्मी-निम्मी, ऑनलाइन तासाभरात होतं म्हणे, माझ्या मित्राने कन्सल्टिंगसाठी तशीच काढली. मग इन्शुरन्स पॅनेलवर, म्हणजे त्यांच्या करारातल्या थेरपिस्टांच्या यादीत, जायचं, आणि तिची एक मैत्रीण अजून असोसिएट आहे, म्हणजे लायसन्सआधी सुपरवायझरखाली काम करणारी, तिला तास भरायचेत, तर तिला १०९९ वर, म्हणजे पगारी नोकरी न देता कंत्राटावर, घ्यायची म्हणजे तिचंही काम होईल आणि आपल्यालाही थोडे क्लायंट जास्त घेता येतील. बायको म्हणाली आधी कुणालातरी विचार, मला यातलं निम्मं बेकायदा वाटतंय. म्हणून विचारतोय. निम्मं म्हणजे नक्की कुठलं निम्मं?

सॅन_होजेची_एलसीएसडब्ल्यू

आधी वहिनींचं अभिनंदन. तीन हजार तास म्हणजे काय असतं ते भरणाऱ्यालाच माहीत. आणि निम्मं नाही हो, जवळजवळ सगळंच. तो एलएलसीचा फॉर्म उघडला असेल तर बंद करा.

कॅलिफोर्नियात लायसन्सवाल्या प्रोफेशनल सर्व्हिसेस एलएलसीतून देता येत नाहीत. थेरपिस्ट, डॉक्टर, वकील, सगळ्यांना तोच नियम. तुमच्या मित्राचं कन्सल्टिंग लायसन्सचं काम नाही म्हणून त्याला चाललं. दुसऱ्या राज्यांत थेरपिस्टसाठी पीएलएलसी नावाचा प्रकार असतो, त्यामुळे यूट्यूबवर जे प्रॅक्टिस कशी सुरू करावी सांगणारे लोक आहेत ते बिनधास्त एलएलसी सांगतात आणि इथले लोक फसतात. माझ्या ओळखीतल्या एकीने काढली होती, वर्षभराने अकाउंटंटने विचारलं तेव्हा कळलं, मग ती गुंडाळा, नवीन काढा, इन्शुरन्सचे सगळे करार नवीन टॅक्स आयडीवर परत करा. सहा महिने त्यातच गेले तिचे.

दोन रस्ते आहेत. एक, सरळ सोल प्रोप्रायटर. काहीही काढायचं नाही, आयआरएसकडून (फेडरल टॅक्स खातं) ईआयएन, म्हणजे धंद्याचा टॅक्स नंबर, फुकट घ्यायचा म्हणजे प्रत्येक फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर द्यावा लागत नाही, शहराचं बिझनेस लायसन्स, मॅलप्रॅक्टिस इन्शुरन्स, झालं. स्वतःच्या नावाऐवजी दुसरं नाव द्यायचं असेल तर काउंटीत फिक्टिशस बिझनेस नेम नोंदवायचं, आणि मग मालक कोण, लायसन्स कुठलं हे क्लायंटला ट्रीटमेंट सुरू होण्याआधी सांगायचं.

दुसरा, प्रोफेशनल कॉर्पोरेशन. आणि इथे तुमची फिफ्टी-फिफ्टी मोडते. शेअर लायसन्सवाल्यांकडेच असू शकतात. दुसऱ्या काही ठरावीक लायसन्सचे लोक ४९ टक्क्यांपर्यंत येऊ शकतात, पण सॉफ्टवेअर इंजिनियर नवरा त्या यादीत नाही, कितीही चांगला असला तरी. पण वाईट वाटून घेऊ नका, शेअरहोल्डर एकटाच असेल तर डायरेक्टर, प्रेसिडेंट आणि ट्रेझरर तोच हवा, बाकीच्या पदांवर लायसन्स नसलेला माणूस चालतो. म्हणजे तुम्ही सेक्रेटरी होऊ शकता :)

मी स्वतः चार वर्षं सोल प्रोप्रायटर होते आणि मग कॉर्पोरेशन केलं. घाई करू नका असं माझं मत. कॉर्पोरेशनला दरवर्षी किमान ८०० डॉलर फ्रँचाइज टॅक्स, पहिलं वर्ष तेवढं सुटतं, एस-कॉर्प (नफा मालकाच्याच टॅक्समधे मोजायचा पर्याय) घेतलं तर राज्य नफ्यावर दीड टक्का घेतं, पेरोल चालवावा लागतो. आणि ट्रीटमेंटमधे स्वतःच्या हातून चूक झाली तर कॉर्पोरेशन वाचवत नाही, तिथे मॅलप्रॅक्टिसच कामाला येतं.

आता मैत्रीण. याच्यावर वेगळं लिहिते, दहा मिनिटांत सेशन आहे.

सॅन_होजेची_एलसीएसडब्ल्यू

हं, आले. असोसिएटला १०९९ वर घेताच येत नाही. बीबीएसचा नियम आहे, एकतर डब्ल्यू-२ वर, म्हणजे पगारी, नोकरी नाहीतर व्हॉलंटियर. १०९९ वर भरलेले तास बीबीएस मोजत नाही, म्हणजे ती बिचारी वर्षभर राबेल आणि अर्ज करताना कळेल की शून्य. हे मी होताना बघितलंय आणि त्या मुलीचं रडणं अजून आठवतं.

आणि दुसरं म्हणजे वहिनी तिच्या सुपरवायझर होऊच शकत नाहीत अजून. सुपरवायझरकडे मागच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं ॲक्टिव्ह लायसन्स असावं लागतं. यांना आठवडा झालाय. पुढे कधी लायसन्सवाला थेरपिस्ट जरी घेतला तरी १०९९ विसरा. एबी ५ मधे, म्हणजे कोण कंत्राटी आणि कोण नोकर हे ठरवणाऱ्या राज्याच्या कायद्यात, सायकॉलॉजिस्टना सूट मिळाली, एलएमएफटी आणि आम्हा एलसीएसडब्ल्यूंना (क्लिनिकल सोशल वर्कर) नाही मिळाली. का ते विचारू नका, लॉबी कोणाची मोठी होती त्यावर असणार.

बिलिंगवाली_मावशी

मी थेरपिस्टांचं बिलिंग करते, चौदा वर्षं झाली, साउथ बेमधे. एलसीएसडब्ल्यू ताईंनी लायसन्सचं छान सांगितलंय, मी पैशाचं सांगते.

असोसिएटचा मुद्दा पुढे नेते कारण यातच लोक अडकतात. असोसिएटने सेशन घेतलं आणि क्लेम सुपरवायझरच्या नावाने टाकला, जणू सेशन तिनेच घेतलं, तर ते इन्शुरन्स फ्रॉड आहे. काही प्लॅन, म्हणजे इन्शुरन्सवाले, असोसिएटला सुपरवायझरखाली बिल करू देतात, पण ते करारात लिहिलेलं असतं आणि कसं टाकायचं तेही लिहिलेलं असतं. "सगळे असंच करतात" हे वाक्य मी दर वर्षी ऐकते.

आता सुरुवातीपासून. टाइप १ एनपीआय, म्हणजे थेरपिस्टचा स्वतःचा ओळख नंबर, तर असेलच, असोसिएट असतानाच घेतलेला असतो बहुतेकांचा. त्यावर टॅक्सोनॉमी (व्यवसायाचा कोड) बदला, एमएफटीचा १०६एच०००००एक्स. लायसन्स आल्यावर हे अपडेट करायचं लोक विसरतात आणि मग क्लेम का अडकतोय ते कळत नाही. कॉर्पोरेशन काढलं तर त्याचा टाइप २ वेगळा. मग सीएक्यूएच (प्लॅन जिथून थेरपिस्टची माहिती घेतात ती साइट) प्रोफाइल, सगळं भरून, आणि दर १२० दिवसांनी परत अटेस्ट करायचं, म्हणजे माहिती बरोबर आहे असं कळवायचं. हे फोनच्या कॅलेंडरमधे आत्ता टाका, आत्ता म्हणजे आत्ता. चुकलं की प्लॅन हळूच डायरेक्टरीतून काढतो आणि तुम्हाला क्लेम नाकारल्यावर कळतं.

क्रेडेन्शियलिंगला, म्हणजे पॅनेलवर घेण्याआधी प्लॅन जी तपासणी करतो तिला, पूर्वी काही ताळतंत्र नव्हतं. २०२३ पासून एबी २५८१ या कायद्यामुळे मेंटल हेल्थवाल्यांचा पूर्ण भरलेला अर्ज प्लॅनला ६० दिवसांत तपासून संपवावा लागतो आणि अर्ज मिळाला की सात कामाच्या दिवसांत तसं कळवावं लागतं. "पूर्ण भरलेला" या शब्दांवर सगळा खेळ आहे, एक कागद कमी असेल तर घड्याळ सुरूच होत नाही. आणि तपासणी झाली म्हणजे करार झाला असं नाही, त्याला अजून वेळ जातो. तोपर्यंत त्या प्लॅनच्या लोकांना इन-नेटवर्क म्हणून घेऊ नका. करार लागू व्हायची तारीख हातात आल्यावरच पहिली अपॉइंटमेंट. नोकरी त्याआधी सोडू नका हेही सांगून ठेवते.

क्लेम फॉर्म सीएमएस-१५००. २४जे या चौकोनात सेशन ज्याने घेतलं त्याचा एनपीआय, ३३ए मधे ज्याला पैसे द्यायचे त्याचा, २५ मधे टॅक्स आयडी. एकदा एका नवीन थेरपिस्टकडे त्यांच्या सॉफ्टवेअरने २४जे मधेही ग्रुपचाच एनपीआय घातला होता, दोन महिन्यांचे सगळे क्लेम परत आले. एका चौकोनासाठी.

आणि कोड. बायकोला विचारा ती सेशन किती मिनिटांचं घेते. बहुतेक जण म्हणतात तास, पण घेतात ५० मिनिटं. ५० मिनिटं म्हणजे ९०८३४, तो ३८ ते ५२ मिनिटांचा. ९०८३७ साठी ५३ मिनिटं भरावी लागतात, ५२ नाही. दोन्हीच्या पैशात फरक बराच असल्यामुळे जी थेरपिस्ट सगळं ९०८३७ टाकते तिला प्लॅनचं गोड भाषेतलं पत्र येतं की तुमचं बिलिंग इतरांपेक्षा वेगळं दिसतंय. घाबरायचं नाही, खरंच ५३ मिनिटं झाली असतील तर कोड तोच टाकायचा, पण नोटमधे सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहायची. पहिली भेट ९०७९१. व्हिडिओवर, क्लायंट स्वतःच्या घरी असेल तर प्लेस ऑफ सर्व्हिस (सेवा कुठे दिली त्याचा कोड) १० आणि बहुतेक ठिकाणी मॉडिफायर ९५, प्लॅनप्रमाणे बघून घ्या.

फ्रीमाँटचा_नवरा

बापरे. म्हणजे निम्मं नाही, मी विचार केलेलं एकही वाक्य बरोबर नव्हतं. मावशी, ताई, दोघींना खूप थँक्यू. बायकोला वाचून दाखवलं, ५३ मिनिटांवर ती नुसती हसली, म्हणे एजन्सीत तेच करायला लावायचे.

दोन गोष्टी अजून विचारतो. एक, मी बिलिंग बघितलं तर मला नावं दिसणार ना? फ्रीमाँट, सनीवेल, सांता क्लारा, इथे मराठी माणसं सगळी एकमेकांना ओळखतात. गणपतीत आरतीला जो माणूस माझ्या शेजारी उभा असतो त्याचं निदान मला माहीत असलं तर मी त्याच्याशी कसं बोलू? आणि दुसरं, आत्ताच दोन ओळखीच्या घरातून विचारणा आलीये की वहिनींकडे येऊ, कोपे (क्लायंटने स्वतः भरायचा वाटा) तेवढा सोडा.

कॅश_पे_वाला_सायकॉलॉजिस्ट

मी या सगळ्याच्या विरुद्ध बोलणार आहे. इन्शुरन्स घेऊच नका. मी दहा वर्षं प्रायव्हेट पे करतोय, सुपरबिल (इन्शुरन्सला दाखवायची सविस्तर पावती) देतो, क्लायंट स्वतः आउट-ऑफ-नेटवर्क पैसे मागतो, मला २४जे माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. बे एरियात मागणी इतकी आहे की भरलेलं असतं.

फक्त दोन कागद. जे इन्शुरन्स वापरत नाहीत त्यांना गुड फेथ एस्टिमेट (खर्चाचा लेखी अंदाज) द्यावं लागतं, नो सर्प्रायझेस ॲक्ट, १ जानेवारी २०२२ पासून. दर आठवड्याच्या सेशनसाठी एकच एस्टिमेट बारा महिन्यांपर्यंत चालतं. बिल त्याच्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वर गेलं तर क्लायंट डिस्प्यूट करू शकतो, म्हणून फी वाढवाल तेव्हा नवीन एस्टिमेट द्या. दुसरा कागद वहिनींच्या बोर्डाचा, तक्रार कुठे करायची याची नोटीस थेरपी सुरू होण्याआधी द्यायची.

सॅन_होजेची_एलसीएसडब्ल्यू

डॉक्टर, तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही दहा वर्षांपूर्वी सुरू केलंत आणि पीएचडी आहात. नवीन एलएमएफटीला पहिल्या वर्षी नुसत्या कॅशवर घर चालवणं अवघड जातं. आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी कुठे जायचं हाही प्रश्न आहेच, पण ते भांडण आपण आधी केलंय, परत नको.

दादा, नावांबद्दल. प्रश्न विचारलात यातच निम्मं आलं. हिपामधे (आरोग्याच्या माहितीच्या गोपनीयतेचा फेडरल कायदा) वर्कफोर्स म्हणजे फक्त पगारी माणूस नाही, फुकट मदत करणाराही त्यात येतो. म्हणजे बायकोला मदत म्हणून जरी केलंत तरी तुमचं ट्रेनिंग हवं, सही केलेला गोपनीयतेचा कागद हवा, आणि तुमच्या कामाला लागेल तेवढंच तुम्हाला दिसलं पाहिजे. सॉफ्टवेअरमधे तुमचं वेगळं लॉगिन काढा, बिलिंगचं, त्याला प्रोग्रेस नोट्स दिसता कामा नयेत. पण खोटं कशाला सांगू, क्लेमवर निदानाचा आयसीडी कोड असतो, त्यामुळे निदान तुम्हाला दिसणारच. तुम्ही कोणाला सांगणार नाही हे मान्य, पण क्लायंटला तरी ते चालेल का? मी असते तर दोनच मार्ग धरले असते. एकतर बिलिंग बाहेर द्यायचं, ज्याला आरतीला कोणी भेटत नाही अशा माणसाकडे, त्याच्याशी बिझनेस असोसिएट ॲग्रीमेंट (हिपाचा गोपनीयतेचा करार) करून. नाहीतर मराठी ओळखीतले क्लायंट घ्यायचेच नाहीत. आणि दुसरं तर एरवीही करावं लागेल, कारण आज सेशनमधे रडलेली बाई उद्या भोंडल्यात समोर आली की थेरपी संपली. ड्युअल रिलेशनशिपवर, म्हणजे क्लायंटशी थेरपीबाहेरही नातं असण्यावर, बोर्ड खूप कडक असतं. ओळखीच्यांना दुसरं नाव सुचवायचं. आम्ही चारपाच मराठी थेरपिस्ट एकमेकींकडे पाठवतो, वहिनींना सामील करून घेऊ.

एक चांगली गोष्ट सांगते, ही क्लायंटनाही सांगा. नवऱ्याच्या इन्शुरन्सवर असलेली बाई थेरपीला आली तर पूर्वी ईओबी (कुठल्या सेवेचे किती पैसे दिले ते सांगणारं प्लॅनचं पत्र) नवऱ्याच्या नावाने घरी जायचा आणि सासूबाईंच्या हातात पडायचा. १ जुलै २०२२ पासून एबी ११८४ मुळे मेंटल हेल्थसारख्या सेवांचा पत्रव्यवहार प्लॅनने त्या बाईच्याच नावाने करायला हवा, हवा असेल तर दुसऱ्या पत्त्यावर, आणि नवऱ्याची परवानगी मागता येत नाही.

बिलिंगवाली_मावशी

कोपे सोडू नका. करारात तुम्ही लिहून देता की कोपे घेईन. सरसकट माफ करणं म्हणजे प्लॅनला खोटी फी सांगणं असं धरलं जातं. एखाद्याची खरंच अडचण असेल तर त्याच्यापुरतं कारण फाइलमधे लिहून माफ करता येतं, पण "आपलेच आहेत" हे कारण होत नाही. ओळखीत पैसे मागायला जीभ रेटत नाही हे मला कळतं, म्हणून तर कार्ड फाइलवर ठेवायचं आणि सॉफ्टवेअरने कापायचं.

आणि डॉक्टरसाहेब, कॅशवाल्यांना वाटतं आपल्याला काही लागू नाही, पण मेडिकेअर (मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा) विसरलात. २०२४ पासून एलएमएफटी मेडिकेअरला बिल करू शकतात, सायकॉलॉजिस्टच्या रेटच्या ७५ टक्के. त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. मेडिकेअरवाला माणूस आला तर आता एकतर एनरोल व्हायचं नाहीतर ऑप्ट-आउटचं, म्हणजे मेडिकेअरच्या बाहेर राहण्याचं, ॲफिडेव्हिट द्यायचं, कॅलिफोर्नियासाठी ते नोरिडियनकडे (मेडिकेअरचं काम बघणारी कंपनी) जातं, आणि त्या माणसाबरोबर लेखी करार करायचा. काहीच न करता त्याच्याकडून रोख घ्यायची सोय राहिली नाही. ऑप्ट-आउट दोन वर्षांचं असतं आणि आपोआप पुढे चालू राहतं. पहिल्या फोनवरच विचारायचं, मेडिकेअर आहे का. मेडि-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांचा राज्याचा विमा) आहे का तेही विचारायचं, त्या माणसाकडून मेडि-कॅलमधे बसणाऱ्या सेवेचे पैसे घेणं हा आणखी वेगळा खड्डा आहे.

अजून एक, प्लॅनने "मेडिकली नेसेसरी नाही" म्हणून नाकारलं तर इथे एसबी ८५५ हा कायदा आहे, २०२१ पासून, निकष प्लॅनच्या मनाचे चालत नाहीत, प्रोफेशनल संस्थांचेच लावावे लागतात. तक्रार बहुतेक प्लॅनची डीएमएचसीकडे, म्हणजे प्लॅनवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या खात्याकडे. पण क्लायंटच्या कार्डवर मोठ्या टेक कंपनीचं नाव असेल तर आधी प्लॅन सेल्फ-फंडेड (क्लेमचे पैसे कंपनी स्वतःच भरते असा) आहे का ते विचारा, कारण असेल तर तो फेडरल कायद्याखाली येतो आणि एसबी ८५५ तिथे चालत नाही. सिलिकॉन व्हॅलीत असे ढिगाने आहेत.

सनीवेलकर_वाचक

मी लायसन्सवाली थेरपिस्ट नाही, अजून असोसिएट आहे, म्हणून मुकाट्याने वाचतेय. १०९९ वाल्या मुद्द्याने पोटात गोळा आला, माझी नोकरी डब्ल्यू-२ आहे हे आत्ता पे-स्टब काढून बघितलं. एक विचारू का, डिसेंबरमधे भारतात गेले की तिथून व्हिडिओ सेशन घेता येतात का? आणि क्लायंट महिनाभर पुण्याला गेला तर?

सॅन_होजेची_एलसीएसडब्ल्यू

क्लायंट कुठे बसलाय ते आधी बघतात. तुमचं लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन कॅलिफोर्नियातल्या क्लायंटसाठी. तो दुसरीकडे असेल तर तिथल्या नियमाने तुम्हाला तिथे सेवा देता येत असेल तरच. म्हणून तर बीबीएस म्हणतं प्रत्येक टेलिहेल्थ सेशनच्या सुरुवातीला पूर्ण नाव आणि आत्ता कुठल्या पत्त्यावर आहात ते विचारा. लोकांना ते उगीच सोपस्कार वाटतो, पण फोनवर कोणी जीव द्यायचं बोललं तर पोलीस कुठे पाठवायचे? माझ्या एका क्लायंटने नेवाडातून, लेक टाहोच्या पलीकडच्या बाजूने कॅमेरा लावला होता, वीस मैल गाडी चालवून इकडे आल्यावर सेशन घेतलं.

तुम्ही स्वतः भारतात असाल तर मेडिकेअर पैसे देत नाही, बाकीच्या प्लॅनचा करार वाचा, मॅलप्रॅक्टिसवाल्यांना लेखी विचारा, आणि असोसिएट म्हणून सुपरवायझर आणि एम्प्लॉयरला विचारल्याशिवाय अजिबात नाही. मी तर सरळ तीन आठवडे बंद ठेवते, क्लायंटना महिनाभर आधी सांगते. सुट्टी म्हणजे सुट्टी.

फ्रीमाँटचा_नवरा

रविवारी दोघं बसलो. ठरलं ते असं: सध्या सोल प्रोप्रायटर, नोकरी तीन दिवसांवर आणायची विनंती, दोन प्लॅनना अर्ज, सीएक्यूएचचं रिमाइंडर दोघांच्याही फोनमधे. मैत्रिणीला तिने स्वतः फोन करून सांगितलं, दोन वर्षांनी बोलू म्हणून. बिलिंग बाहेर देतोय, मला फक्त हिशोबाच्या शीटमधले आकडे येतील, नावाच्या जागी नंबर. मावशी, तुम्ही नवीन लोक घेता का? इथल्या मेसेजमधे कळवा.

एक राहिलं. मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत तिची जाहिरात द्यायची म्हणून मी डिझाइन करून बसलोय, नाव, फोटो आणि फोन नंबर, एवढं पुरे ना?

सॅन_होजेची_एलसीएसडब्ल्यू

नाही पुरे. बोर्डाकडे जे नाव आहे तेच पूर्ण नाव, लायसन्सचा प्रकार आणि लायसन्स नंबर जाहिरातीत हवा. आणि मंडळाच्या स्मरणिकेत दिलीत तर फोन कोणाचे येणार आहेत सांगा बरं?

फ्रीमाँटचा_नवरा

आरतीवाल्यांचे. कळलं. फाइल डिलीट केली.